बेंदराची पिल्लं

उंदीर मारण्यावर पोट भरणारी माणसं गावोगाव असतात. हौसाक्का मेटकरीचं पोट उंदीर जगवण्यावर चालायचं, आणि ही गोष्ट तिच्या माहेरी, आटपाडीकडच्या माळावर, कुणाच्याच गळी उतरली नव्हती. "धनगराची लेक ती, मेंढरं सोडून उंदरं राखतीया," असं तिचा धाकटा भाऊ धुळाप्पा चारचौघांत म्हणायचा आणि सगळे पोट धरून हसायचे. हौसाक्काही हसायची. मग म्हणायची, "सोळाशे हायती माझ्याकडं. आपल्या सात पिढ्यांत कुनी एवढा कळप राखला असंल तर सांग."

मिरजेबाहेर द्राक्षबागांच्या मधोमध एका संशोधन संस्थेचं प्राणिगृह होतं. तिथं ती अकरा वर्षं कामाला होती. साल होतं दोन हजार अडतीस. प्रत्येक पिंजऱ्याखाली तराजू आणि वर कॅमेरा होता. कुठल्या उंदरानं किती खाल्लं, किती पाणी प्यायलं, तो किती धावला, हे सगळं शेजारच्या इमारतीतला संगणक टिपून ठेवायचा. भुसा बदलायला आणि पाणी भरायला एक यंत्रही आणलं होतं. पण यंत्राच्या हाताला माद्या बिचकायच्या, आणि बिचकलेली मादी आपलीच पिल्लं खाते. हौसाक्काच्या हाताला एकही मादी कधी बिचकली नाही. तेव्हा यंत्र गोदामात गेलं आणि हौसाक्का जागेवर राहिली.

संस्थेच्या प्रमुख डॉक्टर पद्मजा चौगुले सांगलीच्या एका जैन घरातल्या. त्यांच्या घरात मुंगी चुकवून पाऊल टाकायची शिकवण, आणि लेकीनं उंदरांवर प्रयोग करण्यात उमर घालवलेली. त्यांची आई दर वर्षी पर्युषणात एकच प्रश्न विचारायची, "यंदा किती जीव गेले?" पद्मजाबाई नेमका आकडा सांगायच्या. आई तेवढ्या माळा जपायची आणि वर्षभर पुन्हा तो विषय काढायची नाही.

हौसाक्काला कामाचं मर्म त्यांनी पहिल्याच दिवशी, डबा खाता खाता समजावलं होतं.

"अक्का, आमटीत मीठ काय काम करतं?"

"चव आणतं."

"ते कळतं कशावरून?"

हौसाक्कानं घास थांबवला. "एकांदा दिवस घालायचं इसरलं की कळतं."

"झालं तर. आपण इथं तेच करतो."

शरीरातल्या प्रत्येक पेशीत रोज कचरा साठतो. तो फोडून साफ करणारी द्रव्यं म्हणजे विकरं; डॉक्टर लोक त्यांना एन्झाइम म्हणतात. एकेका कचऱ्याला एकेक विकर नेमून दिलेलं असतं, आणि ते कसं बनवायचं हे जनुकात लिहिलेलं असतं. जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. एक बिघडली तरी दुसरीवर भागतं. दोन्ही बिघडल्या तर ते विकर बनतच नाही, कचरा पेशीत तुंबतो आणि सगळ्यात आधी मेंदू थकतो. आता कुठलं विकर नेमकं काय करतं, हे माणसाला उघडून बघता येत नाही. म्हणून उंदराचं तेवढंच एक जनुक काढून टाकायचं आणि काय बिघडतं ते बघायचं. तेच जनुक जास्तीचं घालून काय होतं तेही बघायचं. या दोन घराण्यांना पुस्तकात लांबलचक नावं होती. हौसाक्कानं मीठ नसलेल्यांना 'अळणी' म्हटलं, जास्त असलेल्यांना 'खारट', आणि वर्षभरात मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा तसंच म्हणायला लागले.

अळणी काळे होते, खारट पांढरे. एकेक प्रत बिघडलेल्या काळ्या जोडप्यांना पिल्लं झाली की त्यांतलं चारात एक अळणी निघायचं. जन्मताना ते इतरांसारखंच गुलाबी आणि वळवळतं असायचं. पंचवीस दिवसांनी त्याचे पाय आखडायचे. शेपटीनं अलगद उचललं तर निरोगी उंदीर मागचे पाय फाकून हवेत पसरतो, पडलो तर सावरावं म्हणून. अळणी उंदीर पाय पोटाशी ओढून एकमेकांत अडकवतो. तसं दिसलं की हौसाक्का समजायची, आता वीस दिवस राहिले. आजवर एकही अळणी उंदीर पन्नास दिवसांपलीकडं गेला नव्हता.

हे सगळं हौसाक्काला उंदरांपुरतं ठाऊक होतं, तोवर ठीक होतं. चैत्रातल्या जत्रेला ती माहेरी गेली. धुळाप्पाची नात गिरिजा तेव्हा सात महिन्यांची, गोल चेहऱ्याची, सारखी हसणारी. हौसाक्कानं तिला काखेत हात घालून वर उचललं, आणि लेकरानं दोन्ही पाय पोटाशी ओढून एकमेकांत अडकवले. तिनं पोरीला खाली ठेवलं, पुन्हा उचललं. पाय पुन्हा अडकले.

"आत्ती, काय झालं वो?" गिरिजाची आई, धुळाप्पाची सून सुवर्णा हसत म्हणाली. तिला वाटलं, म्हातारी खेळवतेय.

त्या माळावरच्या दोन-चार वाड्यांत हे दुखणं जुनं होतं. लोक त्याला आखडी म्हणायचे. नात्यातच सोयरीक करायची रीत, त्यामुळं बिघडलेल्या दोन प्रती एकाच लेकराच्या पदरात पडायच्या. पद्मजाबाईंनी या विकराचा पिच्छा धरला होता तोही त्या वाड्यांमुळंच. हौसाक्का गिरिजाला मिरजेला घेऊन आली आणि रक्ताच्या तपासणीत तेच निघालं. माणसात हे दुखणं सावकाश चालतं, पद्मजाबाईंनी सुवर्णाला सांगितलं. पाच-सहा वर्षं हातात असतात. आणि एक औषध आहे, अजून उंदरांवरच चालू आहे. सातवं.

आधीची सहा औषधं फसली होती, म्हणून हे सातवं. त्या दिवसापासून धुळाप्पाच्या घरात उंदरांवरून कुणी हसलं नाही.

मग बेंदूर आला.

बेंदराला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. आदल्या दिवशी त्याचे खांदे मळतात, सणाला त्याला रंगवतात, पुरणपोळी खाऊ घालतात, आणि त्या दिवशी कुठल्याच जनावराकडून काम घेत नाहीत, त्याच्या अंगाला धार लावत नाहीत. हौसाक्काच्या बापानं हा नेम मेंढरांनाही लावला होता आणि हौसाक्कानं उंदरांना. पुरणपोळी आत नेता यायची नाही, म्हणून ती निर्जंतुक केलेल्या सूर्यफुलाच्या बिया प्रत्येक पिंजऱ्यात चार-चार टाकायची. त्या दिवशी सुई टोचायचं काम निघू नये अशी वेळापत्रकं ती गुपचूप लावून घ्यायची. पद्मजाबाईंच्या हे लक्षात आलं होतं. त्या त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत.

त्या वर्षी गावाची मिरवणूक संस्थेच्या भिंतीला लागून गेली. हलगी होतीच, पण मागं एका गाडीवर भोंग्यांची चळत होती. जमीन हादरली, पिंजऱ्यातलं पाणी थरथरलं. मिरवणूक पुढं गेल्यावर हौसाक्कानं पाहिलं तर चार काळ्या माद्यांनी पिल्लं टाकली होती. एकीनं दोन खाल्लीही होती. भुशात तीस पिल्लं गार पडत चालली होती, वाटाण्याएवढी, डोळे मिटलेली.

नियम सरळ होता. मादीनं टाकलेली पिल्लं त्याच दिवशी वायूच्या पेटीत ठेवायची, तिथं ती संपतात, आणि नोंद करायची. हौसाक्कानं ते काम शेकडो वेळा केलं होतं, दर वेळी मनात माफी मागून. त्या दिवशी तिनं पेटी उघडली आणि बंद केली. बेंदराला नाही.

बाप काय करायचा? पोरकं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचा. त्या मेंढीच्या दुधानं, मुतानं कोकराचं अंग चोळायचा, म्हणजे तिला ते आपलंच वाटायचं. हौसाक्कानं शोध घेतला. काळ्यांत दुसरी व्यालेली मादी नव्हती. पलीकडच्या खोलीत पाच खारट माद्या कालच व्यायल्या होत्या. तिनं त्यांच्या पिंजऱ्यातला ओला भुसा तीसही पिल्लांना चोळला आणि सहा-सहा करून ती त्यांच्या कापसात सरकवली. माद्यांनी हुंगलं, चाटलं, आणि पोटाखाली घेतलं.

तराजूनं वजनातला फरक टिपला. पडद्यावर प्रश्न आला. हौसाक्कानं 'भुसा बदलला' हे बटण दाबलं. त्या संगणकाला सगळं ठाऊक होतं, फक्त बेंदूर ठाऊक नव्हता.

उद्या बघू, असं तिनं मनाला सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी पिल्लांची पोटं दुधानं पांढरी दिसत होती. अशा पिल्लाला उचलून पेटीत कोण ठेवणार? एकविसाव्या दिवशी दूध तुटल्यावर तिनं त्यांच्या कानांना नेहमीसारख्या खुणेच्या खाचा पाडल्या आणि ती मुकाट काळ्यांच्या पिंजऱ्यांत, आपापल्या कार्डांमागं परत आणली. चौकशी कुणी केली नाही. बाविसाव्या दिवशी तपासणी झाली, तिसांत आठ अळणी निघाली, आणि सातव्या औषधाच्या प्रयोगात गेली. प्रयोगात एकूण चाळीस अळणी उंदीर होते. वीस जणांना पाण्यातून औषध, वीस जणांना नुसतं पाणी. कोण कुठं जाणार हे संगणक चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. बेंदराच्या आठांपैकी सात औषधाच्या वाट्याला गेली आणि एक पाण्याच्या. नाणं आठदा उडवून सातदा छापा पडावा तसं. असं क्वचित होतं, पण होतं.

दिवाळीनंतर पद्मजाबाई प्राणिगृहात स्वतः पेढे घेऊन आल्या. त्या कधी मोठ्यानं बोलत नसत, त्या दिवशी बोलल्या.

"अक्का, शंभर दिवस! औषधवाल्या विसातली सात जिवंत आहेत. पन्नाशी कुणी ओलांडली नव्हती, आणि सात जणांनी शंभरी गाठली! थोडी कावीळ दिसते त्यांच्यात, पण जिवापुढं तेवढं चालेल. माणसांना औषध द्यायच्या परवानगीसाठी समितीकडं कागद पाठवतेय. पहिलं नाव गिरिजाचं."

हौसाक्कानं पेढा तोंडात घातला आणि तिला रडू फुटलं. संध्याकाळच्या आत बातमी माळावर पोचली. धुळाप्पानं बिरोबाला नारळ वाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा बहिणीला फोन करून म्हणाला, "आक्का, तुझ्या उंदरांचं पांग फिटायचं न्हाईत."

चार दिवसांनी, सकाळच्या कामात, हौसाक्का एकसष्ट नंबरच्या पिंजऱ्यापाशी आली. कार्डावर लिहिलं होतं, 'वगळलेला'. एकसष्ट नुसत्या पाण्यावरचा होता आणि तरीही जिवंत होता. याच्या तपासणीत चूक असणार, हा अळणी नसणारच, असं धरून त्याला हिशेबातून काढलं होतं. हौसाक्कानं त्याला शेपटीनं उचललं. त्यानं पाय फाकले, झकास. तिनं त्याचा कान पाहिला. कानाला आईच्या पिंजऱ्याची खूण म्हणून दोन खाचा होत्या, आणि त्या खाचा तिनंच पाडलेल्या होत्या, तिसऱ्या पिंजऱ्यातल्या टाकलेल्या पिल्लांना.

हा बेंदराचा.

ती रांगेनं निघाली. औषधावरची सात तिनं एकेक करून उचलली आणि कान पाहिले. सातही बेंदराची. मग मेलेल्यांची कार्डं काढली. औषध पिऊनही जी तेरा वेळेवर मेली होती, त्यांत बेंदराचं एकही नव्हतं. हौसाक्का सातवीपर्यंत शिकलेली, पण एवढी गोष्ट कळायला सातवीचीही गरज नव्हती. औषध पिऊन तेरा मेली, पाणी पिऊन एक जगला. जी आठ जगली ती सगळी बेंदराची. मग औषधानं काय केलं? कावीळ.

ती तशीच स्टुलावर बसून राहिली. सांगितलं तर नोकरी जाणार, ते एक वेळ सोसलं असतं. पण सांगितलं तर गिरिजाचं औषध जाणार. नाही सांगितलं तर गिरिजाला हे औषध मिळणार. दोन्हीकडून घास पोरीच्याच तोंडचा जात होता.

रविवारी ती माळावर गेली. धुळाप्पा मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळ्याची गाठ मारत बसला होता. हौसाक्कानं त्याला सगळं सांगितलं, बेंदरापासून खाचांपर्यंत. त्याचे हात थांबले.

"ह्ये कुनाला ठावं हाय?"

"मला. आता तुला."

"मग दोघांतच ऱ्हाऊ दे."

"धुळा, ते औषध खोटं हाय."

"पोरगी मरंल का त्यानं?"

"मरायची न्हाय. पर जगायची बी न्हाय. वर कावीळ हुईल."

"आक्का, आगं सा म्हैन्यांत ह्या घरात कुनी पोटभर जेवलं न्हवतं. चार दिस झालं, जेवत्यात. त्येवढं बी तुला बघवंना व्हय? तुझ्या उंदरांपायी माझ्या नातीचं औषध घालवू नगंस. सांगितलंस तर माझ्या दारात पाय ठिवू नगंस."

दारात सुवर्णा उभी होती, गिरिजा कडेवर. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती रडली नाही. तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि विचारलं, "आत्ती, औषधानं न्हाय, तर मग ती आठ जगली कशानं?"

इतके दिवस हौसाक्काला हा प्रश्न पडलाच नव्हता. ती फक्त आपली चूक उगाळत बसली होती.

"ते मला न्हाय सांगता यायचं, बाई. मॅडमना कळंल."

"मग त्यास्नी सांगा की," सुवर्णा म्हणाली. "ज्यानं जगली, ते पायजे मला."

धुळाप्पानं जाळं भिरकावलं आणि तो घराबाहेर निघून गेला.

सोमवारी सकाळी हौसाक्का पद्मजाबाईंच्या खोलीत उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही. सगळं सांगून झाल्यावर तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

पद्मजाबाई आधी पांढऱ्या पडल्या, मग लाल झाल्या. "अक्का, कागद गेलेत समितीकडं! तुम्हाला कळतंय का, त्या पोरीला आपण पुढच्या महिन्यात... माझी अकरा वर्षं..." त्या उठून खिडकीपाशी गेल्या. हौसाक्काला वाटलं, आता जावं. तेवढ्यात त्या वळल्या.

"एकसष्ट मी वगळला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पुन्हा तपासायला पाहिजे होता. दहा मिनिटांचं काम. नाही तपासलं, कारण मला तो नको होता. आईला दर वर्षी जिवांचा खरा आकडा सांगते म्हणून मला केवढा अभिमान! आणि इथं एक जिवंत उंदीर मी हिशेबातून घालवला." त्यांनी डोळे पुसले. मग एकाएकी त्यांचा चेहरा बदलला. "अक्का, पिल्लं कुणाला लावलीत म्हणालात?"

"खारट माद्यांस्नी."

"खारट. एकवीस दिवस?"

"दूध तुटंपातूर."

पद्मजाबाई खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. हौसाक्काला वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला.

"अक्का, खारटांच्या अंगात ते विकर नको तितकं बनतं. ते दुधात उतरत असणार! आणि उंदराच्या पिल्लाचं आतडं पहिले तीन आठवडे चाळणीसारखं असतं, दुधातलं द्रव्य न पचवता अख्खंच्या अख्खं रक्तात घेतं. त्या आठ पिल्लांना त्यांचं हरवलेलं मीठ दुधातून मिळालं. मेंदूची बांधणी चालू असते त्याच दिवसांत मिळालं, म्हणून पुढचा कचरा तुंबायला इतका वेळ लागला. बाहेरून दिलेलं विकर पेशीत शिरतं, काम करतं! आम्ही सगळे औषध शोधत बसलो होतो, आणि ते पलीकडच्या खोलीत थानातून गळत होतं."

"मग गिरजाला..."

पद्मजाबाईंचं हसू मावळलं. त्यांनी हौसाक्काचा हात धरून तिला बसवलं. "माणसाच्या लेकराचं आतडं जन्मल्यावर लगेच बंद होतं, अक्का. दूध पाजून भागायचं नाही. ते विकर दुधातून वेगळं काढून शिरेतून द्यावं लागेल, दर पंधरा दिवसांनी, जन्मभर. मेंदूच्या दारावर पहारा असतो, तो ओलांडायला त्याला एक जोड लावावी लागेल. दोन वर्षं लागतील, कदाचित तीन. तोवर तिचं जे जाईल ते सगळं परत येणार नाही. खोटं सांगणार नाही मी तुम्हाला."

त्यांनी त्याच दिवशी समितीला पत्र लिहिलं. प्रयोग मागं घेतला. पत्रात त्यांनी स्वतःची चूक आधी लिहिली आणि हौसाक्काची नंतर. परिषदांमधून लोक हसले. बेंदूर म्हणजे काय, हे एका परदेशी मासिकाला तळटीप देऊन समजवावं लागलं. हौसाक्काला सहा महिने घरी बसवलं. नियम तो नियम, आणि ती एका शब्दानं कुरकुरली नाही. ती परत आली तेव्हा प्रयोग नव्यानं मांडला होता, या वेळी उघडपणे. अर्धी अळणी पिल्लं काळ्या आयांकडं, अर्धी खारट आयांकडं, आणि लावायचं काम हौसाक्काकडंच, कारण इतरांनी लावलेली पिल्लं माद्या खात होत्या. खारट आयांकडची सगळी जगली. एकसष्टनं आठ महिने काढले आणि तो एका सकाळी झोपेतच गेला. पद्मजाबाईंनी त्या वर्षी आईला आकडा सांगताना त्याला सगळ्यांत आधी मोजलं.

उंदराच्या थेंबभर दुधानं माणसाचं भागणार नव्हतं. ते जनुक शेळीत घालायचं ठरलं, म्हणजे शेळीच्या दुधातून विकर लिटरनं मिळेल. बदललेले गर्भ वाढवायला पोटं हवी होती, निरोगी, माळावर वाढलेल्या शेळ्यांची. हौसाक्कानं धुळाप्पाला निरोप धाडला. उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी संस्थेच्या फाटकाशी एक टेम्पो थांबला. आत अकरा शेळ्या होत्या, कळपातल्या निवडून काढलेल्या, अंगावर एक गोचीड नसलेल्या. बरोबर धुळाप्पाचा मुलगा, सुवर्णाचा नवरा होता.

"आबा काय म्हनला?" हौसाक्कानं त्याला विचारलं.

"काय न्हाय. म्हनला, भाकड एक बी देऊ नगंस."

अबोला तसाच राहिला. हौसाक्का माहेरी गेली नाही. सुवर्णा फोनवरून सांगायची. गिरिजा उभी राहिली नाही. 'आई' म्हणायची, तेही थांबलं. घास गिळताना ठसका लागायला लागला. हौसाक्का ऐकून घ्यायची आणि शेळ्यांपाशी जाऊन बसायची. तिला कधी कधी वाटायचं, धुळा म्हणत होता तेच खरं; निदान दोन वर्षं ती माणसं पोटभर जेवली असती. मग तिला सुवर्णाचा प्रश्न आठवायचा आणि ती उठून कामाला लागायची. शेळ्या व्यायल्या. करडं मोठी झाली. त्यांचं पहिलं दूध काढलं ते हौसाक्कानं.

पहिली मात्रा गिरिजाला मिळाली ती सव्वातीन वर्षांची असताना. संस्थेनं तोवर आपल्या नियमपुस्तकात एक ओळ वाढवली होती: बेंदराच्या दिवशी प्राणिगृहात कोणताही प्रयोग होणार नाही, आणि आईनं टाकलेलं पिल्लू दुसरीला लावून बघितल्याशिवाय, आणि तशी नोंद केल्याशिवाय, पेटीत जाणार नाही. पद्मजाबाईंनी ती ओळ स्वतः लिहिली होती. कुणाचं नाव त्यात नव्हतं.

पुढच्या बेंदराला हौसाक्का पिंजऱ्यांत बिया टाकत होती, तर फोन वाजला. सुवर्णा होती. "आत्ती, सनाला या."

"धुळा काय म्हनल?"

"मामंजींनीच फोन लावून दिलाय. बोलत न्हाईत, पर हितंच उभं हायती."

हौसाक्का दुपारच्या एसटीनं माळावर पोचली. दारात रंगवलेल्या शिंगांची खोंडं बांधली होती. धुळाप्पा त्यांना पोळी चारत होता. त्यानं तिला येताना पाहिलं आणि मान खाली घातली. तिनं उंबऱ्याबाहेरच चप्पल काढली आणि तिथंच उभी राहिली, कारण दारात पाय ठेवू नकोस हे शब्द अजून तिथंच होते.

धुळाप्पानं हात धोतराला पुसले. घरात गेला. गिरिजाला घेऊन बाहेर आला. पोरीच्या मानेला अजून जोर नव्हता, पण तिनं हौसाक्काकडं टक लावून पाहिलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. धुळाप्पानं तिला हौसाक्कासमोर धरलं आणि अडीच वर्षांनी बहिणीशी पहिला शब्द बोलला.

"उचल."

हौसाक्काचे हात पुढं होईनात. अकरा हजार उंदीर तिनं उचलून पाहिले असतील, पण हे एक लेकरू तिला उचलवेना.

"उचल की, आक्का. आमाला रोज दिसतंय, पर तू सांगितल्याबगार खरं वाटंना."

तिनं काखेत हात घातले. डोळे मिटून पोरीला वर उचललं, डोक्याच्याही वर. मग डोळे उघडले.

गिरिजाचे दोन्ही पाय उन्हात, एकमेकांपासून लांब, ऐसपैस फाकलेले होते.